फाटकापासून एक भाकरी

तांदळाची भाकरी गरम आहे तोवरच भाकरी असते. तव्यावरून उतरली, तिचा फुगा बसला, की ती पुठ्ठ्याच्या वाटेला लागते, आणि तासाभरानं तिच्यात आणि वहीच्या कव्हरात फरक करायचा तर चावूनच बघावं लागतं. हे माझ्या आईचं मत. आईची मतं मोजकी होती, पण ती बदलायची सोय नव्हती. करून ठेवलेली भाकरी तिनं कधी कुणाच्या ताटात वाढली नाही. माणूस पाटावर बसला की ती पीठ मळायला घेई, पाण्याचा हात लावून भाकरी थापी आणि तव्यावरची फुगलेली भाकरी तशीच ताटात येई. आमचं स्वयंपाकघर मागच्या पडवीत होतं. चूल, तिच्यावरचं काळं झालेलं छप्पर, बोंबलाच्या कालवणाचा आंबट-तिखट वास, आणि थापण्याचा तो ओला आवाज. माझ्या लहानपणाला मी डोळे मिटून हात लावला तर पहिल्यांदा तो आवाजच हाताला लागतो.

घर अंधेरीच्या पूर्वेला, रेल्वेच्या फाटकाकडून मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि अंधेरीत अध्यक्ष होते. कशाचे ते विचारू नये. वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, सांडपाण्याविरुद्धची समिती. खुर्ची दिसली की अप्पा तिच्यात अध्यक्ष म्हणून बसत. घरात ते साधं पाणी मागत तेही ठराव मांडल्यासारखं. पण त्यांची खरी ख्याती शोकसभांची. शोकसभेच्या भाषणात त्यांचा हात धरणारा सबंध अंधेरीत कुणी नव्हता. आयुष्यात ज्याच्याशी चार शब्द बोलले नाहीत, त्याच्यावर ते असं बोलत की त्याची बायकोही हा गृहस्थ कोण म्हणून रडायची थांबून ऐकत राही.

दादा, माझा थोरला भाऊ मधू, गोरेगावच्या बाजूला एका स्टुडिओत ध्वनिमुद्रकाचा मदतनीस होता. दिवसभर लोकांना गप्प बसायला सांगायचा त्याला पगार मिळे, असं अप्पा म्हणत, आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या थोड्या विनोदांपैकी तो एक. त्या स्टुडिओनं एका चित्रपटासाठी एक लहानगी विलायती मोटार घेतली होती. चित्रपट पडला, मोटार आवारात उभी राहिली, तिच्यात मांजर व्याली, आणि शेवटी मालकानं वैतागून ती दादाच्या गळ्यात मारली. पिल्लांची सोय लावून दादा ती घरी घेऊन आला. इतकी लहान की शेजारी तिला बेबी म्हणू लागले. आत बसलेल्या माणसाचे गुडघे कानाशी यायचे. अप्पा पहिल्यांदा बसले तेव्हा उतरताना त्यांची टोपी आतच राहिली आणि अध्यक्ष बोडक्यानं बाहेर आले.

बेबीचा आवाज मूळचा शिलाईच्या यंत्रासारखा होता. पण दादाची रोजची वाट घोडबंदर रस्त्यानं अंधेरीपर्यंत आणि मग फाटक ओलांडून. गाडी बुटकी, रूळ उंच. मागे जाणारा धुराचा पाइप दर खेपेला रुळाला घासायचा. एक दिवस सायलेन्सरसकट तो तिथेच गळून पडला. दादा तसाच गर्जत घरी आला. शेजारची कुत्री पडवीत घुसली. अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, "हे वाहन आहे की युद्ध?"

आई मात्र आतून म्हणाली, "बस पाटावर, भाकरी झाली."

दादा थांबला. रोज तो आल्यावर पीठ मळायला सुरुवात व्हायची आणि भुकेनं कासावीस होऊन तो कालवणच पिऊन टाकायचा. "झाली? कशी झाली?"

"तू फाटकात होतास तेव्हा टाकली. ऐकू आलं ना."

आमच्या दारी मासळी घेऊन येणारी वेसाव्याची पारूबाय त्या दिवशी उरलेले बोंबील खपवायला म्हणून टेकली होती. ती टोपलीवर हात ठेवून हसली. "गो बाय, होरीचा इंजीन लावलंय काय तुज्या पोरानं? समिंदरावर आमी पन असाच करताव. इंजीन आयकला का भात उतरवाचा."

दादानं नवा पाइप बसवायचं ठरवलंच होतं. तो मागं न नेता बाजूनं काढायचा, दाराखालून, मागच्या चाकाच्या पुढे. म्हणजे रुळांचा प्रश्नच मिटला. विलायती मासिकात त्यानं शर्यतीच्या गाड्यांची तसली चित्रं पाहिली होती. पण सायलेन्सर कसला घालायचा हे विचारायला लागल्यावर आई म्हणाली, "अगदी गप्प नको करूस रे तिला. मला कळेल एवढी बोलू दे."

मरोळच्या बाजूला बस्त्यावचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चिंचेचं झाड, एक भट्टी, आणि बस्त्यावच्या बढाया. राजेरजवाडे, लाटसाहेब, सगळ्यांच्या मोटारी म्हणे त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्याचं गॅरेज बघता त्या परत कधी चालल्या नसाव्यात. पाइप वाकवायची त्याची रीत अशी, की आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडाच्या गुडद्या ठोकून बंद करायची, भट्टीत पाइप लाल करायचा आणि वाकवायचा. वाळूमुळे तो चेपत नाही. दादा वेसाव्याच्या किनाऱ्यावरून वाळू घेऊन आला. दमट होती. बस्त्याव म्हणाला, "चालते रे, मी आयुष्यभर वाकवलेत." पाइप तापला, आतल्या पाण्याची वाफ झाली, आणि गुडदी बंदुकीसारखी सुटून चिंचेत गेली. वर बसलेले सगळे कावळे उडाले. बस्त्याव भट्टीमागून उठला, क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "वाळू तुमची खराब."

तेव्हा ती वाळू आईनं भाजली. मोठ्या कढईत, रवा भाजावा तशी, मंद आचेवर, उलथन्यानं खालीवर करत. हाताला कोरडी लागेपर्यंत तिनं कढई उतरवली नाही. अप्पा कचेरीतून आले, शिऱ्याच्या आशेनं आत डोकावले, आणि कढईत बघून परत गेले. त्या वाळूनं पाइप असा वाकला की बस्त्यावनं ती रीत आपल्या बापाची म्हणून सांगायला सुरुवात केली.

आवाज मऊ करायला पाइपाच्या पोटात काहीतरी भरायला हवं होतं. दादानं नारळाचा काथ्या भरला. कोकणातल्या माणसाला दुसरं सुचणार काय? पहिल्याच फेरीत काथ्या पेटला आणि बेबी फाटकापासून घरापर्यंत धुनी लावल्यासारखी आली. मग लेथवरचा लोखंडी कीस भरला, तो टिकला. राहिला शेवटचा तुकडा, दाराखालून बाहेर डोकावणारा. त्याच्या लांबीवर आवाज ठरणार होता. बस्त्यावनं वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून दिले आणि एका रविवारी दादानं घराची ध्वनिमुद्रणशाळा केली. आईनं चुलीशी बसायचं, बाहेर बघायचं नाही. मी पडवीच्या दारात उभी राहून तिचं म्हणणं अंगणात पोचवायचं. दादा एक तुकडा बसवी, फाटकापर्यंत जाई, वळून परत येई.

"हा खोकतो," आई पहिल्याला म्हणाली. "दमेकऱ्यासारखा. रोज संध्याकाळी मी हे ऐकायचं होय?"

दुसऱ्याला म्हणाली, "हा बरा आहे. पण हा कुणाचाही असेल."

दादा पाना हातात घेऊन थेट पडवीत आला. "आई, अगं मोटारीचा आवाज आहे तो. जन्मखूण नव्हे."

"मग मला कशाला बसवलंयस इथं?"

"कुसे, ही स्टुडिओत असती ना, तर एक गाणं पुरं झालं नसतं," तो मला म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

अखेर तोंड तिरकं कापलेला एक आखूड तुकडा त्यानं बसवला. तो गेला, आणि काही वेळानं फाटकाकडून एक खालच्या पट्टीतला, घोगरा, पण जराही न ओरडणारा आवाज आला. वळणावर गिअर बदलताना तो क्षणभर अडला आणि पुन्हा सुरू झाला. घरात शिरण्याआधी दादा घसा खाकरायचा, तसाच. मी आईकडे वळले.

"आई, काय सांगू त्याला?"

"सांगायचं काय?" ती म्हणाली. तिचे हात पिठात होते. "भाकरी टाकली की मी."

मग तो आमच्या घराचा क्रमच झाला. फाटकाची घंटा वाजे, फाटक उघडे, मग तो आवाज, आणि आईची पहिली थाप. फाटकापासून घरापर्यंत एक भाकरी. दादा हात धुऊन बसेपर्यंत ती फुगलेली असे. अप्पांचा विरोध कागदोपत्री कायम होता. मोटारीनं एक ना एक दिवस या मुलाचा घात होणार, हे ते जेवताना नियमितपणे नोंदवत. तरी वाचनालयाच्या वार्षिक समारंभाला ते तिच्यातूनच गेले, कारण मोटारीतून येणारा दुसरा अध्यक्ष उपनगरात नव्हता. डावीकडच्या दारानं ते उतरले, पाइपाच्या तोंडासमोरच उभे राहून हार स्वीकारू लागले, आणि दादानं गाडी पुढे घेतली. धोतराच्या सोग्यावर काजळीचा गोल ठसा घेऊन अप्पांनी स्वच्छतेवर भाषण केलं. मागच्या रांगेत दादा आणि मी एकमेकांकडे न बघता बसलो होतो. एकदा जरी बघितलं असतं तर वाट लागली असती.

मी आजही त्याच रस्त्यावर राहते. फाटक गेलं, घर गेलं, त्या जागी आमची इमारत उभी आहे. खालच्या मजल्यावरच्या एका तरुणानं आपल्या मोटारसायकलला भयंकर आवाजाचा पाइप लावला, तेव्हा सोसायटीची सभा भरली. ठराव झाला, सगळ्यांचे हात वर गेले. मी विचारलं, "त्याच्या आईला विचारलंत का?" सेक्रेटरी माझ्याकडे, वय झालेल्या बाईकडे बघावं तसे बघून हसले. त्या आवाजाचा त्रास मलाही होतो. पण माझा हात काही वर गेला नाही.

मोटारीनं दादाचा घात केला नाही. त्याला कावीळ झाली. अप्पांनी दोन वर्षं सगळी भीती त्या चार चाकांवर ठेवली होती आणि मरण आलं ते कुठल्यातरी पेल्यातल्या पाण्यातून. आधी चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ उतरवणारे आले, मग शहरातले मोठे डॉक्टर आले. त्यांनी नुसती पेज सांगितली. दादाचे डोळे हळदीसारखे झाले होते. तो म्हणायचा, "आई, पेज पुरे. एक भाकरी दे ना. अर्धी दे." आई म्हणायची, "बरा हो, मग टोपलीभर देते." डॉक्टरांचा शब्द तिनं मोडला नाही. दादा बरा झाला नाही. शेवटचे दोन दिवस त्यानं कुणाला ओळखलं नाही आणि बेबी अंगणात पानं अंगावर घेऊन उभी होती.

शोकसभा भरली. वाचनालयानंच भरवली. अप्पांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले, टोपी नीट केली, आणि खाली बसले.

मोटार त्यांनी विकली. फाटकापलीकडे लाकडाची वखार असलेल्या सावंतांनी ती घेतली. दाराशी उभी असलेली ती गाडी आईला दिसू नये एवढाच अप्पांचा हेतू होता. सावंत राहायला मरोळला, आमच्या घरावरून पुढे. ते अप्पांना माहीत होतं. पण गाडी जाते तेव्हा तिचा आवाजही त्याच रस्त्यानं जाणार, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी पडवीत कोथिंबीर निवडत होते. फाटकाची घंटा वाजली. मग तो आवाज आला, खालच्या पट्टीतला, घोगरा. वळणावर अडला, पुन्हा सुरू झाला. मी आईकडे बघायचं धाडस केलं तेव्हा तिनं भाकरी थापलेली होती. ती तव्यावर पडली. आवाज घराशी आला, घरापुढून गेला, मरोळकडे विरला. भाकरी फुगली. आईनं ती उतरवली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खा गं. निवते."

रोज तसंच होऊ लागलं. ती रडत नसे. आवाज आला की थापायची; आवाज गेला की ती भाकरी घरात जो असेल त्याच्या पुढ्यात यायची. कधी मी खाल्ली, कधी शेजारच्या मुलानं, एकदा पारूबायनं. पारूबाय घास हातात धरून बसून राहिली, डोळ्यांतून पाणी गाळत, आणि आई तिला म्हणाली, "मीठ कमी झालंय का गं?"

अप्पा माजघरात वर्तमानपत्राआड हे सगळं ऐकत. पानं उलटल्याचा आवाज येत नसे. एका रविवारी सकाळी त्यांनी कोट घातला आणि मला म्हणाले, "कुसुम, चल माझ्याबरोबर." वखारीत सावंत फळ्या मोजून घेत होते. अप्पांना बघून लगबगीनं पुढे आले, स्टूल पुसून दिलं. अप्पा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी सभेतल्या आवाजात सुरुवात केली.

"सावंत, सदर वाहनाच्या आवाजासंबंधी मला आपल्याला एक विनंती करावयाची आहे. व्यवहार पूर्ण झालेला आहे, वाहन आपलं आहे, त्यावर माझा कोणताही... तथापि रोज संध्याकाळी... आमच्या घरी..."

करवत बंद झाली होती. अप्पा समोरच्या सागवानाच्या ओंडक्याकडे बघत होते, जणू पुढचं वाक्य त्याच्यावर लिहिलेलं होतं. सावंत पुढे झाले आणि त्यांनी अप्पांचा हात धरला. "अप्पा, कळलं. काय सांगू नका. उद्याच पाइप बदलतो."

सावंत शब्दाचे पक्के होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकाची घंटा वाजली, फाटक उघडलं. आईचा हात पाण्याच्या वाटीवर होता. काही आलं नाही. थोड्या वेळानं रस्त्यावरून शिलाईच्या यंत्रासारखं काहीतरी किणकिणत गेलं. आई तशीच बसून राहिली. तवा तापून धुरावला तेव्हा मी तो उतरवला.

"सुट्टीबिट्टी असेल," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वखारीतला माणूस एक लांब पोतं घेऊन आला. सावंतांना वाटलं असणार, की घरच्या मुलाच्या हातची वस्तू आहे, भंगारात कशी घालायची? आईनं सुतळी सोडली. आत पाइप होता, तिरक्या तोंडाचा. तिनं त्याच्या तोंडात बोटं घातली, बाहेर काढली, बोटांवरच्या काजळीकडे बघितलं. मग माजघराच्या दाराशी गेली. त्याआधी तिनं अप्पांना उभ्यानं प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

"तुम्ही सांगितलंत?"

"तुझ्यासाठीच," अप्पा म्हणाले. "रोज रोज तुला तो त्रास... मला बघवत नव्हतं गं."

"मला विचारायचं होतंत."

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"घरापर्यंत नाही," आई म्हणाली, "पण फाटकापर्यंत तरी यायचा ना तो."

ती आत गेली. पाइप पुसला, पोत्यात गुंडाळला आणि चुलीमागच्या कोनाड्यात आडवा ठेवला. ती भांडली नाही, रुसली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच ती चुलीशी बसली, सगळ्या भाकऱ्या एकदम केल्या, टोपलीत रचल्या आणि वर फडकं झाकलं. पुढे ती होती तोवर ते असंच चाललं.

अप्पांनी गरम भाकरी कधी मागितली नाही. हळूहळू त्यांची खुर्च्यांवरची हौस गेली, पुढे दातही गेले. संध्याकाळी ते पाटावर बसत, टोपलीतली भाकरी स्वतःच्या हातानं काढून घेत, तुकडे करून कालवणात बुडवत आणि ती मऊ व्हायची वाट बघत. तेवढ्यात फाटकाची घंटा वाजे. अप्पांचा हात ताटात थांबे, मान किंचित वर होई, आणि फाटक उघडून रस्त्यावरून सगळं निघून जाईपर्यंत ते तसेच बसून राहत. आई पलीकडे चुलीपाशी असे. ती मान वर करत नसे.